साच्यातल्या नावांची हद्द

एखाद्या पतसंस्थेला थकबाकीदारांना नोटिसा पाठवायच्या आहेत असे समजू. मजकूर सगळ्यांना तोच, बदलतात त्या फक्त नावे, रकमा आणि तारखा. म्हणून मजकुराचा एक साचा करतात आणि जिथे माहिती बसवायची तिथे 'नाव', 'रक्कम', 'मुदत' अशा खुणा ठेवतात. संगणक यादीतून एकेक माणूस घेतो, साचा भरतो आणि नोटीस छापतो. इथवर अडचण काही नाही. पण नोटिशीच्या मध्यावर जामीनदाराविषयीचा एक परिच्छेद आहे आणि तो दुसऱ्याच कुणी आधी लिहून ठेवलेल्या वेगळ्या साच्यातून येतो. त्या साच्यातही 'नाव' हीच खूण आहे, फक्त तिथे तिचा अर्थ जामीनदाराचे नाव. आता दोन तऱ्हांनी घोटाळा होऊ शकतो. जामीनदाराचे नाव भरायचे राहून गेले, तर आतला साचा बाहेरून कर्जदाराचेच नाव उचलेल आणि माणूस स्वतःच स्वतःला जामीन राहिल्याचे छापले जाईल. किंवा आतल्या साच्याने 'नाव' बदलले आणि ते तसेच बदललेले राहिले, तर पुढच्या ओळीत कर्ज जामीनदाराच्या नावावर चढलेले दिसेल. पहिला घोटाळा बाहेरचे नाव वाचण्यातला, दुसरा बाहेरच्या नावावर लिहिण्यातला. कोणते नाव कुठून कुठवर चालते या हद्दीला प्रोग्रामर स्कोप म्हणतात. हद्दीपुरते ते लोकल, सगळीकडे चालणारे ते ग्लोबल.

या हद्दीचा इतिहास सहसा प्रगतीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. सुरुवातीला सगळी नावे सगळ्यांना दिसत. १९५८ च्या फोरट्रान-२ ने सबरूटीनना स्वतःची नावे दिली. १९६० च्या अल्गोलने ब्लॉक आणला, आत घोषित केलेले नाव आतच राहील असा नियम केला आणि मग बाकीचे जग हळूहळू शहाणे झाले. प्रोग्रामिंगच्या भाषांपुरती ही गोष्ट बरीचशी खरी आहे. मजकुराच्या साच्यांना लावली की ती मोडते. अल्गोलनंतर अठरा, पस्तीस, जवळजवळ पन्नास वर्षांनी जन्मलेल्या साच्यांच्या भाषांनी पुन्हा पुन्हा सताड उघड्या नावांपासूनच सुरुवात केली, आणि त्या घडवणारी माणसे अडाणी नव्हती. माझे म्हणणे असे की साच्यात भिंत उभी राहते ती ज्ञान वाढल्यामुळे नव्हे, तर साचा लिहिणारा आणि भरणारा एकमेकांना अनोळखी झाल्यामुळे. दोघे एकच असतात किंवा एका खोलीत बसतात तोवर उघडी नावे सोयीची असतात, आणि टिकतातही.

याचा पहिला पुरावा कागदावरचा आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रँकांच्या राज्यातल्या मार्कुल्फ नावाच्या भिक्षूने दानपत्रे, राजाज्ञा, विक्रीखते यांच्या नमुन्यांचा लॅटिन संग्रह केला. माणसांच्या नावांच्या जागी त्याने 'तो' अशा अर्थाचा एक शब्द घातला. देणाराही 'तो' आणि घेणाराही 'तो'. कुठला 'तो' कोण हे भरणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. संग्रह शिकाऊ लेखनिकांसाठी होता आणि शिकवणारा जवळपास असणार हे त्यात गृहीत होते. गुजरातेत तयार झालेल्या आणि १९२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापल्या गेलेल्या 'लेखपद्धति' या संस्कृत संग्रहात 'अमुक' हा शब्द तेच काम करतो. त्याच संग्रहात देवगिरीचा यादव राजा सिंघण आणि गुजरातेतला लवणप्रसाद यांच्यातल्या तहाचा नमुना आहे, विक्रम संवत १२८८ ची तारीख घातलेला. असा तह खरोखर झाला, की नमुना भरून दाखवायला दोन गाजलेली नावे घेतली, हा प्रश्न इतिहासकारांपुढे आला. संग्रह करणाऱ्याच्या काळातल्या कारकुनाला तो पडला नसता.

याच्या शेजारी मराठी खरेदीखत ठेवून पाहावे. आरंभी एकदा नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण लिहिले की पुढचा सगळा दस्त 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांच्यावर चालतो, आणि जमीन एकदा चतुःसीमेसह वर्णन केली की पुढे ती 'सदर मिळकत' होते. या नावांची हद्द म्हणजे तो एक दस्त. आज लिहून देणारा माणूस उद्याच्या दस्तात लिहून घेणार होऊ शकतो आणि एका दस्तातली भूमिका दुसऱ्यात गळत नाही. इतकी कडक भिंत इथेच का, याचे उत्तर उघड आहे. खरेदीखत वाचणार ते निबंधक, न्यायालय आणि तीस वर्षांनी जमीन घेऊ पाहणारा कुणी परका. कायदेमंडळाने हीच गोष्ट आणखी एका पायरीवर नेली. ब्रिटनमध्ये १८५० साली लॉर्ड ब्रूअमच्या पुढाकाराने आणि भारतात १८६८ साली असे कायदे झाले की जे स्वतः काही हुकूम देत नाहीत, फक्त बाकीच्या कायद्यांतले शब्द कसे वाचायचे ते सांगतात. त्यांतूनच १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट आला. 'महिना' म्हणजे कोणत्या पंचांगाचा महिना, 'व्यक्ती'त कंपनी धरायची का, हे त्यात सगळ्या केंद्रीय कायद्यांसाठी एकदाच ठरते. मग प्रत्येक कायद्यात आरंभीच्या कलमांत त्याच्यापुरत्या व्याख्या, आणि कधी एखाद्या प्रकरणापुरत्या आणखी वेगळ्या. आतली व्याख्या बाहेरच्या व्याख्येवर मात करते, आणि आत काही नसेल तर बाहेरची लागू होते. प्रोग्रामर ज्याला एकात एक बसलेले स्कोप म्हणतात ती रचना वकिलांनी संगणकाच्या बऱ्याच आधी पुरी केली होती.

इथे पाणिनीला या कुळात ओढण्याचा मोह होतो. त्याच्या व्याकरणात 'प्रत्यय' या शब्दाचा अधिकार, म्हणजे अंमल, तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी सुरू होऊन पाचव्याच्या अखेरीपर्यंत चालतो, मधल्या प्रत्येक सूत्रात तो शब्द पुन्हा न लिहिता. ही हद्दच आहे. पण मागचा शब्द पुढच्या सूत्रांत चालू ठेवण्याच्या या रीतीतून, अनुवृत्तीतून, आजच्या साच्यांच्या भाषा जन्मल्या असे म्हणायला आधार नाही, म्हणून त्याला पूर्वज म्हणू नये. साक्षीदार म्हणून मात्र तो उपयोगी आहे. अधिकार दाखवणारी स्वरिताची, म्हणजे उच्चारातल्या एका स्वराची, खूण लिखित परंपरेत टिकली नाही, आणि मग कोणता शब्द कुठवर चालतो हे ठरवण्यात टीकाकारांना फार श्रम पडले. गुरुमुखातून शिकणाऱ्याला जे कानाने कळत होते ते पोथी वाचणाऱ्या परक्याला कळेना.

संगणकाकडे वळले की पहिला पेच लिस्पमध्ये दिसतो. जॉन मॅकार्थीने १९५८ पासून एमआयटीत ती भाषा घडवली. तिच्यात एखाद्या फंक्शनमध्ये न सांगितलेले नाव आले, तर त्याची किंमत ते फंक्शन जिथून बोलावले गेले तिथून घेतली जाई, जिथे लिहिले गेले तिथून नव्हे. जेम्स स्लॅगलच्या एका प्रोग्रामचे उत्तर यामुळे चुकले. मॅकार्थीला तो किरकोळ दोष वाटला आणि स्टीव्ह रसेल तो लवकरच काढून टाकील असे त्याने धरले. प्रत्यक्षात तो दोष नव्हता, भाषेचा स्वभाव होता. लिस्पच्या या रीतीला डायनॅमिक स्कोप म्हणतात आणि अल्गोलच्या रीतीला लेक्सिकल. लिस्पच्या घराण्यात लेक्सिकल रीत ठामपणे आणली ती १९७५ मध्ये स्टील आणि ससमन यांच्या स्कीमने. मॅकार्थीने ही आठवण स्वतःच लिहून ठेवली आहे आणि ती सांगून पुष्कळ लोक निष्कर्ष काढतात की डायनॅमिक स्कोप म्हणजे अपघात, साच्यांच्या भाषांतही तो अज्ञानातून शिरला.

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याला उत्तर डोनाल्ड क्नूथच देतो. १९६० साली त्याने बरोजच्या यंत्रासाठी अल्गोलचा कंपायलर लिहिला. १९६४ मध्ये त्याने एक छोटा, दुष्ट प्रोग्राम प्रसिद्ध केला. अल्गोलचा कंपायलर बाहेरच्या ब्लॉकमधली नावे बरोबर हाताळतो की नाही हे त्यावरून उघडे पडे. म्हणजे लेक्सिकल स्कोप त्या काळी ज्यांना सर्वांत नीट कळत होता त्यांच्यातला हा एक. तोच माणूस १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून नाराज झाला आणि पुढे त्याने मजकूर जुळवणारी टेक ही भाषा लिहिली. टेकमध्ये मॅक्रोतल्या, म्हणजे नावाने बोलावायच्या साच्यातल्या, नावाची किंमत बोलावण्याच्या जागी पाहिली जाते. ही निवड डोळे उघडे ठेवून केलेली आहे, आणि मजकुराकडे पाहिले की ती का हे कळते. टेकचे स्वतःचे बोधचिन्ह घ्या. त्यातले मधले अक्षर खाली सरकवलेले असते, पण किती, हे व्याख्येत मिलिमीटरमध्ये लिहिलेले नाही. चालू टंकातल्या लहान अक्षराच्या उंचीच्या निम्मे, असे आहे. मथळ्यात तेच बोधचिन्ह मथळ्याच्या मापाने सरकते आणि तळटीपेत तळटीपेच्या. नाव लिहिण्याच्या जागी बांधले असते, तर व्याख्या ज्या पानावर केली त्या पानाचा टंक ग्रंथभर चिकटून राहिला असता. छापील मजकुराला आजूबाजूचे ऐकावेच लागते.

पण ऐकणे वेगळे आणि बाहेर जाऊन बदल करणे वेगळे. टेकमध्ये महिरपी कंस उघडला की गट सुरू होतो. गटात काहीही बदलले की जुनी किंमत एका राशीवर ठेवली जाते आणि कंस बंद होताच परत बसवली जाते. बाहेरचे वाचायला मुभा, बाहेर लिहायला बंदी. लिहायचेच असेल तर \ग्लोबल असा शब्द मुद्दाम पुढे लावावा लागतो (टेकमध्ये अर्थातच रोमन लिपीत). पतसंस्थेच्या नोटिशीतला दुसरा घोटाळा टेकने असा मुळातच मिटवला आणि पहिला जाणूनबुजून शिल्लक ठेवला. एकच नाव कधी लोकल, कधी ग्लोबल बदलत राहिले तर राशीवर जुन्या किमती साचत जातात, म्हणून क्नूथने संकेत सुचवला की तात्पुरत्या वापराच्या शून्य ते नऊ क्रमांकांच्या खणांपैकी विषम खण नेहमी ग्लोबल बदलावेत, सम नेहमी लोकल. भाषेने नव्हे, सभ्यतेने पाळायचा हा नियम आहे, आणि एका माणसाने स्वतःच्या ग्रंथासाठी केलेल्या भाषेत तो पुरेसा होता.

पुरेसा राहिला नाही तो टेक दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर. लेस्ली लॅम्पोर्टने १९८० च्या दशकात तिच्यावर लाटेक उभारली, ती मुळी मॅक्रो न लिहिणाऱ्या लेखकांसाठी. तिथे एक विसंगती आजही आहे. मोजणीचा आकडा बदलला तर तो सर्वत्र बदलतो, लांबी बदलली तर फक्त गटापुरती. प्रकरणाचा क्रमांक गटाबाहेर टिकलाच पाहिजे आणि परिच्छेदाची लांबी टिकता कामा नये, असे तिचे समर्थन करता येते, पण हे कारण माहीत नसलेला लेखक अडखळतोच. पुढे लाटेकची पॅकेजे शेकड्यांनी झाली, परस्परांना न ओळखणाऱ्या लोकांनी लिहिलेली, आणि लाटेकच्या नव्या थराने नियम केला की लोकल नावाच्या आधी एल आणि ग्लोबल नावाच्या आधी जी हे अक्षर लावायचे. सम-विषमाचा खाजगी संकेत नावावरच शिक्क्यासारखा आला.

टेकच्या आधीच्या मॅक्रो भाषांचे थोडक्यात आटपते. ख्रिस्तोफर स्ट्रेचीच्या १९६५ च्या जीपीएममध्ये आणि केर्निहन-रिची यांच्या १९७७ च्या एम-४ मध्ये साच्यात बसवायच्या गोष्टींना नावे नसून क्रमांक होते, त्यामुळे त्या आपोआप लोकल राहिल्या. मॅक्रोची नावे मात्र एम-४ मध्ये सर्वत्र चालत, इतकी की साध्या वाक्यात अंगच्या मॅक्रोचे नाव आले तर मजकूरच गिळला जाई. एम-४ वर उभे असलेले ऑटोकॉन्फ हे साधन करणाऱ्यांनी म्हणून तिच्या जवळजवळ प्रत्येक अंगच्या नावाला उपसर्ग लावला.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी वेबवर लागते. रास्मुस लेर्डोर्फने पीएचपी ही वेबपानांची भाषा सुरू केली ती स्वतःच्या मुखपृष्ठासाठी. १९९५ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, आणि तिच्या नावातच 'पर्सनल' हा शब्द होता. तिच्यात एक सोय होती: फॉर्ममध्ये वाचकाने जे भरले ते त्याच नावाने प्रोग्राममध्ये आयते ग्लोबल नाव म्हणून हजर होई. फॉर्ममध्ये 'शहर' असेल तर साच्यात 'शहर' लिहायचे, झाले. स्वतःच फॉर्म लिहिणारा आणि स्वतःच साचा लिहिणारा असेल तर याहून सोपे काही नाही. पण वेबवर भरणारा म्हणजे जगातला कुणीही. पत्त्याच्या पट्टीत शेवटी 'अ‍ॅडमिन=१' असे स्वतःच जोडले, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते नाव आधी शून्य करून ठेवायचे विसरले असेल, तर परका माणूस साच्याचा मालक होऊन बसे. २००२ मध्ये पीएचपी ४.२.० ने ही सोय मुळात बंद ठेवली आणि २०१२ च्या ५.४ मधून ती काढूनच टाकली. इथे दुसरा आक्षेप येतो, की भिंती बांधल्या जातात त्या वेगासाठी, संगणकाला नाव शोधायला कमी ठिकाणी पाहावे लागते म्हणून. काही ठिकाणी ते कारणांपैकी एक होते. पण इथे वेगाचा प्रश्नच नव्हता. उलट या बदलाने जुने चालू प्रोग्राम बंद पडले आणि तो तोटा सोसूनही बदल केला गेला. भरणारा अनोळखी झाला, एवढेच कारण होते.

मग मस्टॅश कशी उघडी राहिली, असे कुणी विचारील. २००९ मध्ये ख्रिस वॉनस्ट्रॅथने केलेली ही साच्यांची भाषा अनेक प्रोग्रामिंग भाषांत पसरली, म्हणजे ती परक्यांचीच. तरी तिच्यात आत घेतलेल्या साच्याला बाहेरची सगळी नावे दिसतात. याचे उत्तर वाचणे आणि लिहिणे या भेदात आहे. मस्टॅशमध्ये नावाला किंमत देण्याची सोयच नाही. आतला साचा बाहेर डोकावू शकतो, बाहेर काही बदलू शकत नाही. टेकने कंसाने जे साधले ते मस्टॅशने सोय न देऊन साधले. लिक्विडची गोष्ट उलटी. तोबियास ल्यूट्केने ती शॉपिफाय या ऑनलाइन दुकानांच्या सेवेसाठी केली, आणि तिथे दुकानाचे साचे एक जण लिहितो, दुसरा बदलतो, तिसरा दुकान चालवतो. तिच्या जुन्या इन्क्लूड टॅगमध्ये आतला साचा बाहेरची नावे वाचेही आणि बदलेही. शॉपिफायने पुढे रेंडर हा नवा टॅग आणला. त्यात बाहेरच्या साच्यात ठरवलेली नावे आतल्या साच्याला हातात दिल्याशिवाय दिसत नाहीत, आणि इन्क्लूड न वापरण्याची सूचना झाली. वेगाबरोबरच कारण दिले गेले ते असे की उघड्या नावांमुळे साचा वाचणे आणि सांभाळणे अवघड होते. ज्याला वाचायला अवघड जाते तो लिहिणाऱ्याहून वेगळा माणूस असतो.

शेवटचा आक्षेप उलट दिशेचा आहे. काही भाषांनी भिंती बांधून पुन्हा पाडल्या, त्या कशा? जिंजा या साच्यांच्या भाषेत फेरीच्या (लूपच्या) आत बदललेले नाव फेरी संपताच पूर्ववत होते. बिलाच्या ओळी छापताना बेरीज करत जाणाऱ्याला शेवटी शून्यच मिळे, म्हणून २०१७ च्या २.१० आवृत्तीत नेमस्पेस नावाची एक खिडकी ठेवली गेली. गो भाषेच्या साच्यांनी २०१८ च्या १.११ मध्ये बाहेरच्या नावाची किंमत आतून बदलायला परवानगी दिली. पण ही पाडापाडी कुठे झाली ते पाहा. फेरीचा आतला भाग आणि बाहेरचा भाग एकाच पानावर, एकाच माणसाने लिहिलेले. तिथे अनोळखी कुणी नव्हताच, म्हणून भिंत नुसती अडचण झाली. गोच्याच साच्यांवर उभ्या असलेल्या हेल्म या साधनात एका चार्टच्या, म्हणजे साच्यांच्या गठ्ठ्याच्या, आत परक्याने लिहिलेला उपचार्ट येतो, आणि तिथे भिंत तशीच राहिली. उपचार्टला वरच्या चार्टची नावे दिसत नाहीत, दिसतात ती फक्त 'ग्लोबल' या खणात मुद्दाम ठेवलेली.

परक्यांचे सर्वांत मोठे गाव विकिपीडिया. तिथला साचा २००४ मध्ये मीडियाविकीच्या १.३ आवृत्तीबरोबर आजच्या रूपाकडे आला. मराठी विकिपीडियावर त्याचे नामविश्वच 'साचा' आहे. त्याला दिलेली किंमत त्याच्यापुरतीच असते. साच्यात दुसरा साचा बोलावला तर बाहेरचे 'नाव' आत आपोआप पोचत नाही, पुन्हा हाताने द्यावे लागते, आणि नवख्या संपादकाला याचाच वैताग येतो. मात्र पानाचे शीर्षक सांगणारा जादूचा शब्द साच्यात लिहिला तर तो साच्याचे नाव न देता, साचा ज्या पानावर लावला त्या पानाचे नाव देतो. टेकच्या बोधचिन्हासारखे हे वाचणे आजूबाजूचे आहे, आणि ते बदलण्याची सोय कुणालाच नाही. साच्यांमधून पानभर चालणारी नावे ठेवू देणारे व्हेरिएबल्स नावाचे एक्स्टेन्शन मीडियाविकीसाठी कधीच तयार झालेले आहे. खाजगी विकींवर ते वापरले जाते. विकिपीडियावर ते बसवलेले नाही.